पडविले

सत्र न्यायालयातल्या साक्षी मीच केल्या होत्या इंग्रजीत,
नऊ वर्षांपूर्वी, अपील दाखल झालं तेव्हा.
सरकारी साक्षीदार क्रमांक तीन, पाच आणि आठ.
तिघांच्या तोंडी एकच वाक्य:
सदर इसम कोयता हातात घेऊन पूर्वेकडे पळत गेला.

माहुलच्या धक्क्यावर जवळा निवडणारी बाई
कुणाला सदर म्हणेल?
कुणाला इसम?
आणि पूर्व कुठली?
तिच्या गावात दिशा दोनच,
खाडीकडे आणि रस्त्याकडे.
जाणवलं होतं तेव्हाही.
पण भाषांतर शाखेच्या नोंदवहीत
जाणवण्याला रकाना नाही.
मी त्या वाक्याला इंग्रजी कपडे घातले,
गळ्यापर्यंत बटणं लावली
आणि पान उलटलं.

आता त्याच तिघांची प्रतिज्ञापत्रं आलीत,
नोटरीचा शिक्का तिरका, शाई फुटलेली.
हिरूबाय मेहेर, वय अठ्ठावन्न, धंदा मासेविक्री,
सत्यप्रतिज्ञेवर कथन करते की
सलग तीन संध्याकाळी तिला चौकीत बसवलं,
चहा दिला, खारी दिली,
वाक्य दिलं.
चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.
घरी येऊन ती बोंबील वलांडीवर टाकता टाकता घोकायची,
तर नातवाचंच आधी पाठ झालं.
पाटावर उभा राहून ओरडायचा, सदर इसम, सदर इसम,
आणि अख्खी आळी हसायची.
आरोपी ओळखायची खूणही सांगून ठेवलेली,
पिंजऱ्यात चौघे असतील, त्यातला चौकड्यांचा शर्ट.
शर्ट तेवढा तिने खरोखर पाहिला.

मग परिच्छेद सहा:
"अशा रीतीने मला पोलिसांनी पडविले."
पढविले हवं होतं.
ढ चा ड. बोट घसरलं असेल टायपिस्टचं.
पांडू भानजीचं उघडलं.
परिच्छेद सहा, पडविले.
तिसरं, नामदेव किणीचं, हा आता वसईला असतो,
तिथूनही परिच्छेद सहा,
पडविले.

सरकारी वकिलाला याहून जास्त काय लागतं?
तो चष्मा कपाळावर ढकलेल आणि विचारेल,
मायलॉर्ड, ह्यांना आता कोणी पढवलं?

साक्षीदाराशी बोलायचं नसतं आम्ही.
पण हिरूबाय खोली चुकून आमच्याच दारात आली,
बाकड्यावर बसली, पिशवीतून पाणी प्याली.
मी विचारलं, मावशी, त्या रात्री खरं काय दिसलं?
तिने तोंड उघडलं.
मिटलं.
"बाय, ता आता मना पण नाय आठवत.
डोले मिटले का
सदर इसमच पलतो."

दाजी तांडेल येरवड्यात आहे, बारावं वर्ष.
मी त्याला पाहिलेला नाही.
त्याच्याबद्दल मला माहीत आहे ते सगळं
माझ्याच अक्षरात आहे.

इंग्रजीत एक शब्द लिहिला की झालं,
तिकडे ढ नाही, ड नाही,
तीन कागदांवरची ती एकच खोच
माझ्या हातून बुजून जाईल,
कुणाला कळणारही नाही बुजली म्हणून.
किंवा नियमाप्रमाणे कंसात टाकायचं, मुळात असेच.
तिन्ही ठिकाणी.
म्हणजे वकिलाचं बोट नेमकं तिथेच पडेल.

मागच्या वेळी गप्प राहिले ते नियमाने.
या वेळी गप्प राहिले तर ते कशाने?

खरं तर पडविले काही अगदीच चूक नाही.
उभ्या माणसाला पडवतात,
पोपटाला पढवतात,
इथे दोन्ही झालं,
फक्त माणसं वेगवेगळी.
हे मात्र मी कुठल्या कंसात लिहू?

पाचच्या आत फाइल वर जायची आहे.
शिपाई शेवाळे दोनदा डोकावून गेला,
बाई, झालं का?
झालंय, म्हटलं, वाचतेय एकदा.
तीन पानांवर समासात पेन्सिलीने
मुळात असेच.
फार दाबून लिहिलेलं नाही.