तीन वाजताची काठी

टॉडमर्डनमध्ये कालव्याकडच्या गल्लीत
बंद पडलेल्या लोकरीच्या दुकानावर माझी खोली.
टेबल, हीटर आणि दोन पडदे.
एक खिडकीचा, एक कामाचा.

नऊला नावांपुढे हिरवे ठिपके उगवतात.
म्हणजे आले सगळे:
ल्यूटनची नसरीन, लीथचा फर्गस,
आणि ते दोघे, जे कुठे राहतात ते मी कधी विचारलं नाही.
‘तुझा आवाज येत नाहीये’
हे मी आईलासुद्धा इतक्यांदा म्हटलं नसेन.

एकाच कागदावर पाच जण लिहितो.
प्रत्येकाची उभी रेघ, वेगळ्या रंगाची, लुकलुकती.
मी जो शब्द खोडायला जाते
तोच नसरीन दुरुस्त करायला येते,
आणि एका परातीत दोघींचे पिठाचे हात लागावेत
तशा ओशाळून मागे सरतो.

कामांच्या फळ्यावर तीन रकाने:
करायचं, चाललंय, झालं.
एकदा घरातही लावला होता तसा.
ब्रॅडफर्डहून आणलेली गवार
‘चाललंय’मध्येच वाळून गेली,
तेव्हा काढून टाकला.

आणि दर गुरुवारी तीनला, टिंग.
‘उठा. पाणी प्या. बाहेर बघा, काहीतरी असेलच.’
हे इम्रिसनं बसवलं होतं,
स्वान्सीहून, माझ्या मानेचं रडगाणं ऐकून.

मार्चमध्ये त्याला काढलं.
अकरा मिनिटांची बैठक.
त्याचा चौकोन मिटला
आणि उरलेले चौकोन आपोआप मोठे झाले,
त्याची जागा भरून.
कुणी काही बोललं नाही. सगळे म्यूटवर होतो.

शेजारची डॉरीन ग्रीनवुड ऐंशीच्या पुढची.
तिची पणजी म्हणे लांब काठी घेऊन
पहाटेच्या अंधारात गल्लोगल्ली फिरायची.
टोकाला तारा बांधलेल्या.
गिरणीतल्या लोकांच्या माडीच्या काचा वाजवायची,
घरटी काही पेन्स.
‘आणि तिला कोण उठवायचं?’
‘ती झोपायचीच नाही. मग दिवसभर घोरायची.’
डॉरीननं चहात बिस्किट बुडवलं, तुटू दिलं.
‘काचेमागे तोंड दिसल्याशिवाय
पुढच्या दाराला जायचं नाही.
तसा ठरावच होता.’

आज लंडनहून निरोप आलाय:
मालक नसलेली यंत्रं बंद करा.
यादी उघडली.
मालक, निष्क्रिय खातं.
निरोप कुणाकुणाला, सहा जणांना.
आम्ही पाच आहोत.

सहावं नाव राखाडी. इ. प्रॉसर.

म्हणजे गेले सात महिने
दर गुरुवारी तीनला
त्याच्याही काचेवर वाजतंय,
आणि काचेमागे खोलीच नाही.

मी बंद केलं नाही.
मालकाच्या रकान्यात माझं नाव घातलं.
फळ्यावर याची नोंद नाही.

मग फोन घेतला, माझा स्वतःचा.
‘उठलास का’ लिहिलं.
खोडलं. काम गेलेल्या माणसाला असं विचारू नये.
लिहिलं: तुझ्याकडे बाहेर काय आहे?
माझ्याकडे कालव्यात एक बदक,
आणि डॉरीनची चादर,
वाळत आलेली, आता परत भिजतेय.

एक टिक.

तीन वाजून वीस. चारला बैठक.
नसरीन विचारतेय, आहेस ना?
हिरवा ठिपका आहे माझ्यापुढे, म्हणजे आहे.
पाणी प्यायले. चादर आत घ्यायला डॉरीनला हाक मारली.
पुढचं दार बाकी आहे, ठाऊक आहे मला,
पण अजून इथेच उभी,
मान वर करून.
दुखतेय.