बर्फ संपेपर्यंत

बाबांचा हात आताशा कप ठेवताना
बशीशी बराच वेळ बोलतो.
म्हणून कात्री मी धरते, सांगतात ते.
"टोकाने नाही, बाय. मुळाकडून काप."
सोड्याचा डबा असा करकरतो
की उंबऱ्यावरचं मांजर उठून अंगणात जातं.

कुडचड्यात आमच्या मागल्या दारी नदी आहे,
आणि नदीतून सध्या काही जात नाही.
बाबांची बार्ज मागच्या वर्षी भंगारात निघाली,
किलोच्या भावाने, इंजिनासकट.
तीस वर्षं तेल पाजलं त्यांनी,
पावती मालकाच्या नावाची.
नंतर कितीतरी दिवस
जेवताना ते पंख्याकडे बघायचे.
बेअरिंग वाजतंय, म्हणायचे.
वाजत नव्हतं.

मग एका संध्याकाळी:
"दूध पावडरचा रिकामा डबा आहे का गो?"

डबा होता.
भांडी घासायची तारेची घासणी होती,
ती आत वरखाली करायला.
तिला टांगायला गळाची तंगूस,
फ्लाव्हियाच्या नातवाच्या वाढदिवसाचा फुगा,
त्यावर अजून अर्धं "हॅप्पी" शिल्लक,
आणि माझ्या शाळेतल्या सायकलचा एक आरा,
जो मी पकडीने दोनदा वाकवला:
एक वळण दुसऱ्याच्या नव्वद अंश मागे.

"नव्वदच का?"
"एक ढकलतो तेव्हा दुसऱ्याने वाट द्यायची.
दोघं एकदम ढकलायला लागले की..."
पुढचं बोलले नाहीत.
एम-सीलचं पुडकं दातांनी फोडायला लागले.

चाक राहिलं.
जड नको, पण खरं गोल हवं.
कपाटाच्या वरच्या फळीवर होती
माझ्या लग्नाची सीडी, भाग दोन.
भाग एक तिकडेच राहिला.
"ती नको," बाबा म्हणाले.
"गोल आहे," मी म्हटलं, "मधोमध भोकही आहे."

तीन रात्री काही झालं नाही.
बोटाने फिरवावं, दोन फेरे, मग दम तुटावा.
साबणाचा फेस लावून पाहिला:
तंगूस आत शिरते तिथे
मोहरीएवढा बुडबुडा फुगला, फुटला,
परत फुगला.
तो बुजवला. तरी नाही.

रविवारी पियेदाद बाजारातून परतताना
थर्माकोलच्या पेटीतला उरलासुरला बर्फ देऊन गेली,
बांगड्याच्या वासाचा.
तो वर भरला, खाली मेणबत्तीचं थोटूक.
"नुसतं तापवून काय होणार," बाबा म्हणाले,
"वर गारही लागतं."
मी धक्का दिला. अडखळलं.
त्यांनी मान वाकडी करून आरा पाहिला,
मला, परत आरा.
"उलटं फिरव."

तीन रात्री आम्ही
चुकीच्या बाजूने ढकलत होतो.

चाललं.
फुगा आत, फुगा बाहेर,
"हॅप्पी" सुरकुततंय, ताणतंय,
आणि ट्यूबलाइटचा एक रंगीत पट्टा
भिंतीवर, कॅलेंडरवर, परत भिंतीवर.
त्या चकतीत कुठेतरी चारशे माणसं जेवतायत,
कोणी म्हणतंय, अजून एक जिलबी घे,
मी मान खाली घालून हसतेय,
मिनिटाला दोनशे फेरे.
मला काहीच वाटलं नाही.
नाही, वाटलं. टक्-टक् छान येतेय असं वाटलं.

बाबा डोळे मिटून ऐकत होते,
तळवा टेबलावर सपाट.
टेबल इंजिनाने हलत होतं
की हाताने, ते कळत नव्हतं.

साताठ मिनिटांनी रंग जडावले.
पट्टा कॅलेंडरपाशी रेंगाळला,
मागे आला, थांबला.
मेणबत्ती अजून जळत होती.
"बिघडलं?"
"छे. वरचं पाणी तापलं."
डब्यात बोट बुडवून त्यांनी मला दाखवलं, कोमट.
मग तेच बोट लुंगीला पुसत:
"उद्या पियेदादला सांग,
पेटी उपडी करायच्या आधी
आमच्या दाराकडून जा."