नेहमीचा ब्राउझर

वाल्मिएरात जानेवारीत साडेतीनलाच दिवे लागतात.
बेकरीच्या मागे माझं दुकान:
सोल्डरचा वास, राईच्या पावाचा वास,
आणि दारावर एक घंटी, जी अर्धीच वाजते.

स्कायद्रितेबाईंनी लॅपटॉप
लोकरीच्या शालीत गुंडाळून आणला होता,
आजारी कोंबडी आणावी तसा.
"हळू चालतो," म्हणाल्या.
मग जरा थांबून,
"पुसायचं मात्र काही नाही."

त्याच्यावर लिनक्स मीच घालून दिलं होतं,
सहा वर्षांपूर्वी, विस्वाल्दिससाठी.
गौया नदीवरच्या बर्फाची जाडी मोजण्यात
त्याची नोकरी गेली;
निवृत्त झाल्यावरही सवय सुटली नाही,
दिसेल ते नोंदवून ठेवायचा.

ब्राउझर उघडला. पंखा ओरडायला लागला.
एकशे त्रेचाळीस टॅब.
इतके अरुंद की कुणाचंच नाव मावत नव्हतं,
नुसत्या फटी,
मधाच्या पेटीतल्या चौकटी वरून दिसतात तशा.

मधमाश्यांना लागणारी कीड.
बोटीचं जुनं इंजिन, किंमत उतरवलेली.
फुटलेल्या थर्मामीटरचा पारा कुठे टाकावा.
आणि एकच दुखणं, अकरा टॅबमध्ये,
अकरा वेगवेगळ्या शब्दांत विचारलेलं.

ते अकरा मी भराभर ओलांडले.
बाई खिडकीबाहेर बघत होत्या,
म्हणजे त्यांना ते माहीत होते.

धंद्याच्या हिशेबाने सांगायला हवं होतं:
सगळे बंद करा, यंत्र पळायला लागेल.
मी म्हणालो, "दुसरा घालू या.
हा राहू दे, आहे तसा."
"एका घरात दोन चालतात?"
"इथे दहा चालतील, बाई. कुणी रुसत नाही."

टर्मिनलने पासवर्ड मागितला.
"अक्षरं उमटणार नाहीत, ठिपकेसुद्धा नाहीत.
तुम्ही आपलं लिहीत राहा."
त्या लिहीत राहिल्या, एका बोटाने, ओठ हलवत,
त्या कोऱ्या काळ्या ओळीवर.
मी वळून भट्टीचा धूर बघत बसलो.
पहिल्याच खेपेला बरोबर.

डिलो पापणी लवायच्या आत उघडला,
पण बँकेच्या पानाची नुसती हाडं दाखवली.
दुसऱ्या एकाचं नाव त्यांना आवडलं नाही, विषय संपला.
मग फाल्कन, ससाण्याच्या नावाचा.
"विस्वाल्दिसला ससाणे दिसायचे," म्हणाल्या,
"मला नुसतं आकाश दिसायचं."
पंखा गप्प होता.

नव्याची घडी मोडली ती हवामानाने: उणे चौदा.
नदीवर बर्फ किती जाड, ते कुठे लिहिलेलं नव्हतं.

तेवढ्यात चौकट आली:
मला तुमचा नेहमीचा ब्राउझर करायचं का?
"म्हणजे?"
"म्हणजे कुठल्याही दुव्यावर क्लिक केलं
की हा उघडेल. तो नाही."
त्यांनी 'आत्ता नको' दाबलं.

चौकटीत खाली बारीक खूण करायची जागा होती:
पुन्हा विचारू नका.
मी माउसकडे हात नेला.
"असू दे," म्हणाल्या. "विचारू दे रोज.
सकाळी घरात दुसरं कोण काय विचारतं?"

बिल मी चार युरोंचं केलं.
त्यांनी सुटे मोजले, एक नाणं जास्त झालं,
ते परत घ्यायला काही केल्या तयार होईनात.
शालीची गाठ मात्र त्यांना बांधता येईना,
ती मी बांधून दिली.