बारा सेकंद

दांडिया बाजारात, झेरॉक्सवाल्याच्या डोक्यावर
आमचं स्टेशन: दोन माइक, एक मिक्सर,
आणि स्टीलच्या डब्यावर पालथा ठेवलेला राउटर,
कारण सरळ ठेवला की तापतो.

स्ट्रीम तुटते. दिवसातून चार-पाचदा तरी.
आकडा लाल व्हायच्या आधी
वाडीतून भूपतभाईंचा फोन:
‘बंध थई गयुं, बेन.’

म्हणून मी एक राखणदार बसवला.
बारा सेकंद काही ऐकू आलं नाही
की तो आपणहून बासरी लावतो,
साठवून ठेवलेली, तीच ती.

गुरुवारी कुमुदिनी टिपणीस आल्या.
एकतीस वर्षं ट्रंक कॉल जोडलेल्या बाई.
‘एका रात्री पादऱ्याहून कॉल लागला,’ म्हणाल्या,
‘पलीकडचा माणूस नुसता…’

आणि थांबल्या.
टेबलावर बोटानं एक वर्तुळ काढलं.
पुन्हा त्याच्यावरूनच.
मी घड्याळ पाहिलं नाही. पाहायला हवं होतं.

बासरी.

‘छान आहे,’ त्या म्हणाल्या, पर्स शोधत.
पलीकडच्या माणसाचं पुढे काय झालं
ते मला माहीत नाही.

फोन वाजला. ‘लाइन चालू होती, बेन.
ए तो हतां ने त्यां.
वच्चे बांसरी केम मूकी?’
कसं कळलं, विचारलं.
‘श्वास येत होता की.’

रात्री मी बाराचे चाळीस केले.
पातळीही खाली आणली: श्वास पुरे.

आता खरीच तुटली
तर चाळीस सेकंद शहरभर काहीच जात नाही.
मी उठते, राउटरला हात लावून बघते.
गरम असतो.
फोनकडे बघत उभी राहते.