चिकूचं पीठ

चिकू फार पिकलेत, आज नाही वापरले तर उद्या फेकावे लागतील,
हे कारण मी कालच तयार ठेवलं होतं.
कारेलीबागेत, दुसऱ्या मजल्यावर, सव्वासातला
कणीक, दूध, चिमूटभर वेलची
आणि बिया काढलेले सात चिकू.
एक बी राहतेच.
ती मिहिकाच्या दाताखाली येते, दर वेळी तिच्याच.

पहिलं चिकटलं.
पहिलं तव्याचंच असतं.
खरवडून उभ्याउभ्या खाल्लं मी, पुरावा नको.

"पॅनकेक," मिहिका म्हणाली.
"धिरडं," मी.
समोरच्या दक्षाबेन विरजण मागायला आल्या,
दारातूनच वास घेऊन म्हणाल्या, "मीठा पुडला!"
तव्यानं कुणाचीच बाजू घेतली नाही.
बुडबुडे फुटले की उलटायचं,
एवढंच त्याचं व्याकरण.

नऊला हेतल आली, रात्रपाळी संपवून.
पर्स खांद्यावरच, चपला पायातच.
बसली,
वरचं गार झालेलं उचललं,
गुंडाळी केली
आणि सरळ चहात बुडवली.

"मम्मी, चहात?"

"आठ नंबरचे काका रात्रभर चिकू मागत होते," ती म्हणाली,
"शुगर चारशेच्या वर.
मी दिला नाही."

मग चावता चावता थांबली.
बी आज तिच्या वाट्याला.
तिनं ती बोटांत धरली,
काळी, ओली, चकचकीत,
आणि बशीच्या काठावर ठेवली, नीट,
घरंगळणार नाही अशी.

मी गॅस बारीक केला.
दोन डाव पीठ अजून होतं.