थांबा क्रमांक तीन

सकाळी सव्वासातला मी गेटापाशी उभा.
निळे पट्टे बांधलेली मनगटं येतात,
टोप्या, टॉवेल, तोंडात अजून बुफेतली पपई.
मोजून घेतो : अठरा.
परत आणायचे तेही अठराच.
खरं तर एवढंच माझं काम,
बाकी सगळे विनोद.

पहिला विनोद गतिरोधकावर.
आमच्याकडे त्याला झोपलेला पोलीस म्हणतात.
बघा, म्हणतो, ड्यूटीवर कसा आडवा झालाय!
हसतात.
अकरा वर्षं हसतायत.

मग ऊस. लवकर संपत नाही.
तोडणारे लांबवर, कमरेत वाकलेले.
कुणीतरी विचारतंच, हे लोक कुठले?
पलीकडचे, मी म्हणतो, हैतीचे.
काही इथंच जन्मले,
तरी पलीकडचेच.
हे माइक बंद करून म्हणतो
आणि बचाता लावतो.
ऑफिसचा नियम आहे, उसापाशी गाणं लावायचं.

थांबा एक : सिगारचं दुकान.
दोन : चर्च, बाहेरून, बारा मिनिटं.
तीन : खरं घर.

खरं घर एल सेइबोच्या वाटेवर आहे.
ताडाच्या फळ्या, वर झावळ्या,
दर डिसेंबरात कंपनीच्या खर्चानं गुलाबी रंग.
दारात दोन्या एउफेमिया, डोक्याला फडकं,
उखळात कोको कांडते, ठक, ठक,
चुलीत धूर, फोटोत येईल इतपत.
ती बोलते, मी इंग्रजीत सांगतो.
ती म्हणते, रादामेस, गुडघा फार ठणकतोय, आवर लवकर.
मी सांगतो, त्या म्हणतायत, हे घर तुमचंच समजा.
टाळ्या.

त्या बुधवारी निघालो
आणि पहिल्याच वळणावर पुढचं चाक बसलं.
स्टेपनी होती. जॅक नव्हता,
मेव्हण्यानं सोमवारी नेलेला.
डांबर पायाला चिकटत होतं.
अठरा माणसं उन्हात किती उभी करणार?
चला, म्हटलं, मागे.

गुलाबी घराला कुलूप.
केळींच्या मागून टीव्हीचा आवाज.
तिथं सिमेंटच्या विटांचं बिनरंगाचं घर,
छपरातून सळया वर आलेल्या,
वरच्या मजल्याची वाट बघत गंजलेल्या.
आत पंखा, गॅस, मिक्सर,
आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीत, पाय बादलीवर ठेवून,
बास्केटबॉलचा टी-शर्ट घातलेली दोन्या एउफेमिया
मालिका बघत बसलेली.

दारात अठरा जण.
कुणी कॅमेरा काढला नाही.
मला एकही विनोद आठवेना.
मालिकेतली बाई तेवढी रडत होती
आणि मोरीतला नळ, टप, टप.

लॉइड म्हणून एक म्हातारा होता, मॅनिटोबाचा,
सकाळपासून कुणाशी बोलला नव्हता.
तो सरळ आत गेला, नळाखाली वाकला,
बोटानं चाचपलं, हात मागे केला : पाना.
पाना शेजाऱ्याकडून आला.
वायसर म्हणून एउफेमियाच्या जुन्या चपलेचा तुकडा.
तास गेला. कुणी बादली धरली,
कुणी बटाटे सोलले, न सांगता.
ती म्हणाली, ह्याला सांग, जोरात पिळू नको, पाइप जुना आहे.
मी तेच सांगितलं.
तो म्हणाला, चाळीस वर्षं हेच केलंय, बाई.
मी तेच सांगितलं.
ती म्हणाली, मग बायकोनं बरं सोडलं एकट्याला.
मी थांबलो.
मग तेही सांगितलं.
तो म्हणाला, मार्चमध्ये गेली ती.
खालीच बघत म्हणाला, पाना फिरवत.
एउफेमियानं टीव्ही बंद केला.

संध्याकाळी गेटावर मोजले : अठरा.
ऑफिसनं उशिराचे पैसे कापले.

पुढच्या बुधवारी नवी मनगटं, नव्या टोप्या.
ठक, ठक.
ती उखळातून वर न बघता म्हणाली,
त्यांना सांग, नळ अजून गळत नाही.
मी माइक हातात घेतला.
त्या म्हणतायत, मी सांगितलं,
हे घर तुमचंच समजा.