कडी

नवी पोरगी विचारते, सिस्टर, तुम्ही कशाला आलात इथे?
सुमरती तिचं नाव. मडावींची, तलावापलीकडच्या टोल्यावरची.
हातांना अजून मोहाचा वास आहे,
आणि प्रश्न लावते शिडीसारखे, एकावर एक.

मी म्हणते, आधी तांदूळ निवड.

खरं उत्तर चाळीस वर्षांत सापडलेलं नाही.
सापडलं ते एवढंच:
पहाटे साडेचारला घंटा होते.
तेव्हा जागी असतात कुत्री, आणि तेंदूपानाला निघालेल्या बाया.
आम्ही स्तोत्र म्हणतो, एक ओळ इकडून, एक तिकडून,
दोघींनी जातं ओढावं तसं.
पीठ पडतंय का, दिसत नाही.
कधी कधी आवाजावरूनच कळतं
जातं रिकामं फिरतंय.
तरी खुंटा सोडायचा नाही.

मोठी पापं करायला इथे जागाच नाही गं.
आठ बायका, एक विहीर, दोन गाई.
इथलं पाप बारीक दळलेलं असतं.
सिस्टर अपोलिनाने अकरा वर्षं मला मीठ पुढे केलं नाही.
मी मागितलं नाही.
दोघीही त्याला मौन म्हणत राहिलो.
मदर स्कोलास्तिकांचा झगा सगळ्यांत फाटका,
आणि त्या तो वाळत घालायच्या
भोकं रस्त्याकडे करून.
माझं म्हणशील, तर गरिबीची शपथ आहे, काहीच माझं नाही.
फक्त या दाराची कडी माझी.
दुसरीने काढली की माझं कपाळ तडतडतं.

मग मे महिन्यातली दुपार.
वाळवंटातल्या जुन्या तपस्व्यांनी दुपारलाच सैतान म्हटलंय,
आणि त्यांनी भंडाऱ्याचं ऊन पाहिलंसुद्धा नव्हतं.
सत्तेचाळीस. तलावाचा तळ भेगाळलेला,
प्रार्थनेच्या पुस्तकातली अक्षरं मुंग्यांसारखी चालू लागतात.
आतून कोणी म्हणतं, ऐकतंय कोण?
वसईला असतीस तर आत्ता
भावाच्या नातवंडांना आंबा पिळून देत असतीस.
अशा वेळी पडून राहू नये. उठून झाडावं.
मी इतकं झाडलं की अंगणाची हाडं दिसू लागली.

अशाच एका दुपारी कडी वाजली.

एक ते तीन आमचं मौन. दार उघडायचं नाही.
नियम वाईट नाही, पोरी. नियम म्हणजे विहिरीचा दोर,
त्याशिवाय पाणी हाताशी येत नाही.
पण त्या दुपारी मी नुसता दोर धरून बसले,
घागर सोडलीच नाही.
तीनदा वाजली कडी.
"पानी देता का वं बाई?"
मोठ्यानेही नाही म्हटलं.
मी माळेचा मणी सरकवला.
परीक्षेत उतरले, असं वाटलं.
खरं सांगते, आनंदसुद्धा झाला.

तीनला दार उघडलं.
उंबऱ्यावर पळसाचा द्रोण, त्यात मूठभर चारं.
पाण्याच्या बदल्यात आणली असतील,
ठेवून गेली न मिळालेल्या पाण्यासाठी.
टोल्याटोल्यावर विचारत फिरले मी. कोणीच सांगेना.
चारं आठ जणींत वाटली.
अपोलिनाने माझ्या ताटात दोन जास्त टाकली.
मोजण्यात चुकली असेल.

तेव्हापासून दाराबाहेर मडकं असतं.
आता मडकं भरणं हाही नियम झालाय.
आणि परवा त्याच्यावरूनच,
भरायची पाळी कोणाची यावरून,
भांडले मी, कडीसकट, दार लावून.

सुमरती सूप आपटते.
सिस्टर, ह्यात खडे नव्हतेच.

माहीत आहे, म्हणते मी.
पुन्हा एकदा बघ.